न्वार शैली आणि हायस्कूलचे विश्व : 'ब्रिक' ह्या चित्रपटाच्या आधारे एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एका चित्रपट-प्रकाराची शैली तिच्या मूळ विश्वातून उचलून अगदी निराळ्या विश्वात नेऊन ठेवण्याचे प्रयोग चित्रपटाच्या इतिहासात वेळोवेळी झालेले आहेत. अशा प्रयोगांची परिणती बहुधा विनोदात किंवा विडंबनात होते. शैली एका अनुभवातून जन्मास आलेली असते, विश्व दुसऱ्याच अनुभवाचे असते, आणि त्या दोहोंमधील अंतर ध्यानात आले की प्रेक्षकास हसू आवरत नाही. ॲलन पार्कर ह्याच्या 'बग्सी मलोन' (१९७६) ह्या चित्रपटात गुंडांच्या टोळ्यांची कामे लहान मुलांनी केली आहेत आणि त्यांच्या बंदुकांतून गोळ्यांऐवजी मलई उडते. तेथे हे अंतर हाच विनोदाचा पाया आहे आणि तो उघडपणे तसा स्वीकारलेला आहे.

रायन जॉन्सन ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'ब्रिक' (२००५) हा पहिला चित्रपट मात्र ह्या नियमास अपवाद ठरतो. ह्या चित्रपटातील पात्रे हायस्कूलचे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या तोंडची भाषा १९३० च्या सुमारास बहरलेल्या अमेरिकन हेरकथेची आहे. असे असूनही प्रेक्षक हसत नाही. किंबहुना एका मुलीच्या मृत्यूचे दुःख त्याला शेवटपर्यंत जाणवत राहते. विसंगती इतकी उघड असताना असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. न्वार शैलीची जी बाह्य लक्षणे सर्वांना परिचित आहेत त्यांचे हे अनुकरण नव्हे. तिच्या मुळाशी असलेली माणसामाणसांतील संबंधांची रचना हायस्कूलच्या विश्वात पूर्वीपासूनच होती आणि दिग्दर्शकाने ती ओळखली, असे ह्या प्रश्नाचे उत्तर पुढील विवेचनात मांडले आहे.

२. न्वार : बाह्य लक्षणे व अंतर्रचना

'फिल्म न्वार' हा शब्दप्रयोग फ्रेंच असून त्याचा शब्दशः अर्थ 'काळा चित्रपट' असा होतो. ज्या चित्रपटांच्या संदर्भात तो रूढ झाला ते मात्र अमेरिकन होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांची आवक थांबली होती. युद्धानंतर, १९४६ मध्ये, 'द मॉल्टीज फाल्कन' (१९४१), 'डबल इन्डेम्निटी' (१९४४), 'मर्डर, माय स्वीट' (१९४४) इत्यादी चित्रपट पॅरिसमध्ये एकापाठोपाठ एक दाखविले गेले आणि त्या सर्वांवर पसरलेली एक समान उदास छटा तेथील समीक्षकांना जाणवली. नीनो फ्रांक ह्या समीक्षकाने त्याच वर्षी हा शब्द वापरला. रेमों बोर्द आणि एतिएन शोमतों ह्यांचा ह्या विषयावरील पहिला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी हे चित्रपट निर्माण केले त्यांना आपण 'न्वार' निर्माण करीत आहोत ह्याची कल्पना नव्हती; त्यांच्या दृष्टीने ते गुन्हेगारीवरील चित्रपट होते. ही संज्ञा अशा रीतीने मागाहून लावलेली असल्यामुळे तिच्या व्याख्येविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

सामान्यतः न्वार ओळखला जातो तो त्याच्या दृश्य लक्षणांवरून. रात्रीचे महानगर, पावसाने भिजलेला रस्ता, खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्यांमधून भिंतीवर पडलेल्या तिरप्या छाया, नायकाचे पार्श्वनिवेदन, भूतकाळात नेणारी कथनपद्धती आणि नायकाला विनाशाकडे ओढणारी मोहिनी ही ती लक्षणे होत. ह्यांपैकी छायाप्रकाशाची रीत घडविण्यात फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक ह्यांसारख्या, जर्मनीतील चित्रपटव्यवसायातून अमेरिकेत आलेल्या दिग्दर्शकांचा मोठा वाटा आहे.

परंतु ही लक्षणे ज्या कथांवर चढविली गेली त्या कथा आधीपासून लिहिल्या जात होत्या. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'ब्लॅक मास्क' ह्या स्वस्त मासिकातून अमेरिकेतील एक नवी, रांगडी हेरकथा पुढे आली. तिचा अग्रणी डॅशिएल हॅमेट हा लेखक होण्यापूर्वी पिंकर्टन ह्या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस होता, आणि गुन्हा हे बुद्धीचे कोडे नसून तो समाजाच्या नित्य व्यवहाराचाच एक भाग आहे ही जाणीव त्याने त्या नोकरीतून आणली. त्याच्या 'रेड हार्वेस्ट' (१९२९) ह्या कादंबरीत नायक एका भ्रष्ट गावातील टोळ्यांना परस्परांविरुद्ध झुंजवतो; 'द मॉल्टीज फाल्कन' (१९३०) मध्ये ज्या स्त्रीकडे तो ओढला गेला आहे तिलाच शेवटी पोलिसांच्या हवाली करतो.

ह्या कथांची अंतर्रचना चार घटकांत सांगता येईल. पहिला घटक म्हणजे अलिखित नियमांनी बांधलेल्या कंपूंत विभागलेला समाज. दुसरा, ज्यांच्याकडे न्याय मागावा त्या अधिकाऱ्यांविषयीचा अविश्वास. तिसरा, कोणत्याही कंपूचा नसलेला, परंतु सर्वांच्या दारी जाऊ शकणारा आणि स्वतःचा एक खाजगी आचारधर्म पाळणारा नायक. चौथा, टाळू म्हटल्याने टळत नाही असा भूतकाळ. रात्र, पाऊस आणि छाया ह्या घटकांना दृश्य रूप देतात. पण त्यांच्यावाचूनही हे घटक उभे राहू शकतात. रोमान पोलान्स्कीच्या 'चायनाटाउन' (१९७४) ह्या चित्रपटातील बराच भाग लख्ख उन्हात घडतो, तरी त्याची गणना ह्याच परंपरेत होते.

३. अमेरिकन हायस्कूल : एक बंदिस्त समाज

अमेरिकेतील हायस्कूलात सामान्यतः चौदा ते अठरा वर्षे वयाची मुले शिकतात. त्याची व्यवस्था मराठी वाचकाच्या परिचयाच्या शाळेहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळी आहे. आपल्याकडे वर्ग एका खोलीत बसतो आणि शिक्षक बदलतात. तेथे विद्यार्थी तासागणिक खोली बदलतो. त्यामुळे मुलाला स्वतःचे असे बाक नसते. व्हरांड्यातील एक कुलुपबंद लॉकर एवढीच त्याची खाजगी जागा. वर्ग हा समूह सैल असल्यामुळे त्याची जागा कंपू घेतात. दुपारच्या सुट्टीत कोण कोणाच्या टेबलाशी बसते ह्यावरून त्याचे समाजातील स्थान ठरते, आणि ते सर्वांना दिसत असते.

हा समाज बंदिस्त आहे. त्यातून मुलाला स्वेच्छेने बाहेर पडता येत नाही, आणि त्याच्या नियमांविषयी प्रौढांना फारसे काही ठाऊक नसते. शिक्षक व मुख्याध्यापक ह्यांच्या हाती शिक्षेचा अधिकार असतो. पण मुलांचे खरे तंटे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि ते पोहोचविणारा मुलगा चुगलखोर ठरतो. वर सांगितलेल्या चार घटकांपैकी पहिले दोन येथे आपोआप उपस्थित आहेत हे ह्यावरून ध्यानात येईल.

किशोरवयीनांचे चित्रपट आणि न्वार ह्यांचा शेजार तसा जुना आहे. 'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५) हा हायस्कूलच्या मुलांवरील चित्रपट ज्याने दिग्दर्शित केला त्या निकोलस रे ह्याने त्यापूर्वी 'इन अ लोनली प्लेस' (१९५०) सारखा न्वार परंपरेतील महत्त्वाचा चित्रपट केला होता. तथापि त्याने दोन शैलींचे मिश्रण केले नाही. १९८० नंतर जॉन ह्यूज ह्याच्या 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) इत्यादी चित्रपटांनी कंपूंचा विषय लोकप्रिय केला. पण त्यांचा कल कंपूंच्या भिंती ओलांडून होणाऱ्या समेटाकडे होता. 'ब्रिक'ने कंपूंची तीच रचना घेतली आणि समेटाची आशा मात्र सोडून दिली.

४. 'ब्रिक' : निर्मिती व कथानक

जॉन्सनने ह्या चित्रपटाची पटकथा १९९७ मध्ये लिहिली. कोएन बंधूंच्या 'मिलर्स क्रॉसिंग' (१९९०) ह्या चित्रपटामुळे तो हॅमेटच्या कादंबऱ्यांकडे वळला होता. पटकथेस निर्माता मिळेना. अखेरीस कुटुंबीय व मित्र ह्यांच्याकडून जमविलेल्या सुमारे साडेचार लाख डॉलरांत, दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटी ह्या समुद्रकाठच्या गावी, जॉन्सन स्वतः ज्या हायस्कूलात शिकला तेथेच, वीस दिवसांत चित्रीकरण पार पडले. जानेवारी २००५ मध्ये सन्डान्स महोत्सवात चित्रपट प्रथम दाखविला गेला व त्यास दृष्टीच्या स्वतंत्रतेबद्दलचे परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो २००६ मध्ये आला.

कथानक थोडक्यात असे : ब्रेंडन हा एकलकोंडा विद्यार्थी. त्याला सोडून गेलेली एमिली ही मुलगी त्याला दूरध्वनीवरून मदतीची याचना करते आणि घाबरलेल्या स्वरात काही शब्द उच्चारते. त्यांचा अर्थ त्याला लागत नाही. दोन दिवसांनी सांडपाण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी तिचे प्रेत त्याला आढळते. पोलिसांनी मध्ये पडून तपास आपल्या हातून काढून घेऊ नये म्हणून तो ते लपवितो आणि स्वतःच शोध आरंभितो. शीर्षकातील 'वीट' म्हणजे हेरॉइन ह्या मादक पदार्थाचा वडीसारखा दाबलेला साठा. 'पिन' ह्या टोपणनावाचा तरुण त्याचा व्यापार करतो आणि टग हा त्याचा दांडगा हस्तक आहे. 'रेड हार्वेस्ट'च्या नायकाप्रमाणे ब्रेंडन ह्या दोघांच्या मधोमध शिरतो आणि त्यांच्यातील संशय वाढू देतो. त्यात दोघांचाही अंत होतो. एमिलीला ज्या संकटात ढकलले गेले त्याचे मूळ लॉरा ह्या श्रीमंत व मोहक मुलीच्या कारस्थानात आहे हे शेवटी उघड होते. शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर ब्रेंडन तिच्यासमोर सारा हिशेब मांडतो. तिचा लॉकर तपासावा अशी चिठ्ठी त्याने आधीच शाळेच्या अधिकाऱ्याकडे पोहोचविलेली असते.

५. स्थानांतराची रीत

मूळ रचना जशीच्या तशी ठेवून तिचे प्रत्येक अंग शाळेच्या मापाने कापून घेणे, ही ह्या चित्रपटाची रीत आहे. तिची चार उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण अधिकाऱ्याचे. हॅमेटच्या कादंबरीत सरकारी वकील खाजगी गुप्तहेराला बोलावून दटावतो आणि गुप्तहेर त्याला उलट सुनावतो. 'ब्रिक'मध्ये तोच प्रसंग साहाय्यक उपमुख्याध्यापकाच्या खोलीत घडतो. पूर्वी एका मुलाविषयी ब्रेंडनने माहिती दिलेली असल्यामुळे ह्याही वेळी तो देईल अशी त्या अधिकाऱ्याची अपेक्षा आहे. संवादाची धार तीच आहे, फक्त कायद्याच्या धमकीची जागा पालकांना बोलावण्याच्या धमकीने घेतली आहे. प्रेक्षकाच्या ओठांवर येथे स्मित येते; परंतु दोन्ही नट प्रसंग पूर्ण गांभीर्याने करतात, आणि शाळेतील सत्तेचे स्वरूप खरोखरच असे असते हे जाणवून ते स्मित विरते.

दुसरे उदाहरण भाषेचे. पात्रांची बोली त्यांच्या काळातील मुलांची नाही. त्यांत हॅमेटच्या काळातील शब्द आहेत, काही घडविलेले आहेत, आणि ते इतक्या वेगाने उच्चारले जातात की पहिल्या वेळी सारेच कळत नाहीत. ह्या कृत्रिमतेला एक स्वाभाविक आधार आहे. प्रत्येक शाळेतील मुलांची एक सांकेतिक बोली असते आणि ती बाहेरच्यास कळू नये हाच तिचा हेतू असतो. चोरबाजाराची भाषा आणि शाळकरी भाषा ह्यांचे कार्य एकच आहे. शिवाय ही भाषा शाळेच्या वस्तुस्थितीला धरून वाकविली आहे : एखादी व्यक्ती कोणत्या वर्तुळात वावरते हे जाणण्यासाठी ब्रेंडन ती जेवणाच्या सुट्टीत कोणाबरोबर बसते हे विचारतो. शहरातील हेराला जसा पत्ता, तसे त्याला जेवणाचे टेबल. नटांनी जुन्या न्वार चित्रपटांची नक्कल करू नये म्हणून जॉन्सनने त्यांना ते पाहण्यापासून परावृत्त केले. त्याऐवजी हॅमेट वाचावयास दिला आणि 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) सारखे जलद संवादांचे विनोदी चित्रपट पाहण्यास सांगितले. शैलीच्या कवचापेक्षा तिची गती महत्त्वाची, हा विचार ह्या निर्णयात दिसून येतो.

तिसरे उदाहरण प्रकाशाचे. शाळा दिवसा भरते. रात्रीचे महानगर तेथे आणता येत नाही. छायाचित्रकार स्टीव्ह येडलिन ह्याने कॅलिफोर्नियाच्या उन्हातला उबदारपणा काढून टाकला आणि फिकट, थंड निळसर रंगांत रिकामी मैदाने, मोटारी उभ्या करण्याच्या ओसाड जागा व निर्मनुष्य व्हरांडे दाखविले. न्वारमध्ये अंधार नायकाला गिळतो. येथे मोकळी जागा त्याला उघडे पाडते. खरा काळोख बोगद्यात आहे, आणि तो एमिलीच्या मृत्यूसाठी राखून ठेवलेला आहे.

चौथे आणि सर्वांत अवघड उदाहरण काळाचे. न्वारच्या नायकाला भूतकाळ लागतो. सतरा वर्षांच्या मुलाला तो कोठून असणार? चित्रपटाने ह्याचे उत्तर काळाचा संकोच करून दिले आहे. ब्रेंडनचा भूतकाळ काही महिन्यांचा आहे : एमिली त्याला सोडून गेली आणि त्याने एका मुलाला पकडून दिले. पिनचे वय पुष्कळ, म्हणजे सव्वीसच्या आसपास असावे, असे मुले दबकून सांगतात. प्रौढाला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्याचे सारे सामाजिक आयुष्य तीनचार वर्षांचेच आहे त्याला दोन महिने हे युग असते आणि सव्वीस हे वार्धक्य असते. किशोरवयातील काळाच्या जाणिवेचे हे यथार्थ निरीक्षण आहे, आणि न्वारची घटना त्यात विनासायास बसते.

ह्या संदर्भात पिनच्या स्वयंपाकघरातील प्रसंग विशेष लक्षणीय आहे. तळघरात मार खाऊन रक्तबंबाळ झालेल्या ब्रेंडनला वर आणून टेबलाशी बसविले जाते, आणि पिनची आई त्या सर्वांना प्रेमाने फळांचा रस देते. टोळीचा नायक आईच्या घरात राहतो ही विसंगती चित्रपट लपवीत नाही. प्रौढांचे जग हाताच्या अंतरावर आहे, ते प्रेमळही आहे, पण त्याला काही दिसत नाही. त्यामुळे हा प्रसंग प्रथम हसवितो आणि नंतर अस्वस्थ करतो.

६. दुसरी वाट : 'व्हेरॉनिका मार्स'

ह्याच सुमारास दूरचित्रवाणीवर एक समांतर प्रयोग सुरू झाला. रॉब थॉमस ह्याची 'व्हेरॉनिका मार्स' ही मालिका २२ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि २००७ पर्यंत तीन सत्रे चालली. पुढे २०१४ मध्ये चाहत्यांच्या वर्गणीच्या साहाय्याने चित्रपट आणि २०१९ मध्ये चौथे सत्र आले. नेपच्यून ह्या काल्पनिक गावातील हायस्कूलात शिकणारी व्हेरॉनिका आपल्या वडिलांच्या खाजगी गुप्तहेर कचेरीत काम करते आणि आपल्या मैत्रिणीच्या खुनाचा शोध घेते.

दोन्ही कृतींतील मुख्य भेद कथनपद्धतीत आहे. 'ब्रिक'मध्ये पार्श्वनिवेदन नाही. न्वारचे हे सुपरिचित लक्षण त्यात नसण्याचे कारण हॅमेटमध्ये सापडते : 'द मॉल्टीज फाल्कन' ही कादंबरी पात्रांच्या मनात एकदाही न शिरता, केवळ बाह्य वर्तन व बोलणे ह्यांतून सांगितली आहे. ब्रेंडनचे दुःखही तसेच बाहेरून दिसते, उलगडून सांगितले जात नाही. 'व्हेरॉनिका मार्स'ची परंपरा रेमंड चँडलर ह्याची आहे. त्याच्या 'द बिग स्लीप' (१९३९) इत्यादी कादंबऱ्या नायक स्वतः सांगतो, आणि त्याच्या उपरोधाआड जखम दडलेली असते. व्हेरॉनिकाचे निवेदन ह्याच जातीचे आहे.

दुसरा भेद अधिक मूलभूत आहे. न्वारमध्ये स्त्री ही बहुधा शोधाचा विषय असते. येथे ती शोध घेणारी आहे, आणि ज्या समाजाचा ती शोध घेते त्याने तिच्यावरही अत्याचार केलेला आहे. गावातील अतिश्रीमंत आणि त्यांच्याकडे चाकरी करणारे ह्यांतील दरी शाळेच्या कंपूंतून दाखविल्यामुळे मालिकेला सामाजिक बाजूही लाभली आहे. शाळेतील कंपू हे गावातील वर्गांचेच लहान रूप होय, हे 'ब्रिक'पेक्षा येथे अधिक स्पष्ट होते.

७. आक्षेप व मर्यादा

'ब्रिक'वर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, त्यात शाळा आहे पण शिक्षण नाही. वर्ग, परीक्षा, शिक्षक जवळजवळ कोठेच दिसत नाहीत, त्यामुळे हे विश्व अवास्तव वाटते. परंतु न्वारमधील महानगरातही कारखाने व कुटुंबे क्वचितच दिसतात. प्रत्येक शैली आपल्याला हवे तेवढेच वास्तव निवडते. निवडलेला भाग खरा आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एमिली ही मृत्यूनंतरच कथेचे केंद्र बनते. जिवंतपणी तिला थोडेच बोलू दिले आहे. मुलीच्या प्रेतावर मुलाचे शौर्य उभे करण्याचा न्वारचा जुना दोष येथे आलाच आहे, असे म्हणता येईल. चित्रपटाच्या शेवटाकडे पाहिल्यास मात्र दिग्दर्शकाला ह्या दोषाची जाणीव असावी असे दिसते. हॅमेटचा नायक त्या स्त्रीला पोलिसांच्या हवाली करतो तेव्हा त्याचा आचारधर्म टिकतो आणि वरचष्माही त्याचाच राहतो. ब्रेंडनचे तसे होत नाही. एमिली गरोदर होती आणि ते मूल ब्रेंडनचेच होते असा रोख लॉराच्या बोलण्यात येतो. जाता जाता ती त्याच्या कानात एक शब्द कुजबुजते आणि तो प्रेक्षकास ऐकू येत नाही. ज्याने सर्वांचे हिशेब मांडले त्याच्या स्वतःच्या हिशेबातील रक्कम सुटून गेली होती. एमिलीला तो परत मिळवू पाहत होता, पण ती कोणत्या भीतीत जगत होती हे त्याने जाणून घेतले नव्हते. शोध यशस्वी होतो आणि शोध घेणारा पराभूत होतो. तो मैदानावर उभा राहतो तो एक दुखावलेला मुलगा म्हणून.

८. निष्कर्ष

शैलीमिश्रणाच्या अभ्यासास ह्या उदाहरणापासून एक कसोटी मिळते. एका प्रकाराची वेशभूषा, प्रकाशयोजना व शब्दकळा दुसऱ्या विश्वात नेल्याने मिश्रण सिद्ध होत नाही. त्या प्रकाराने माणसामाणसांतील ज्या संबंधांना रूप दिले ते संबंध नव्या विश्वात खरोखर आढळतात की नाही, हे तपासावे लागते. आढळत नसल्यास विडंबन होते, आणि प्रामाणिक विडंबनालाही त्याचे स्थान आहे. आढळत असल्यास दोन्ही बाजूंवर प्रकाश पडतो. नायकाचे एकाकीपण, मोठ्यांवरील त्याचा अविश्वास, एका विश्वासघाताने सारे जग संपले असे वाटणे ह्या गोष्टींत मुळातच किशोरवयाचा अंश असतो हे न्वारविषयी कळते. हायस्कूलविषयी कळते ते असे की, मोठी माणसे ज्याला पोरखेळ म्हणून बाजूस सारतात त्याची किंमत मुलांना प्रौढांच्याच मापाने मोजावी लागते, आणि कित्येकदा ती मोजताना त्यांच्याजवळ कोणीही नसते.